तळघरातली बाल्कनी

माणूस आपल्याच घराच्या डोक्यावर चार इंच माती टाकतो, त्यात कोणाच्या तीर्थरूपांचं काय जातं, हा प्रश्न शुद्धलेखनकाकांनी वर्षभरात निदान दोनशे लोकांना विचारला असेल. धड उत्तर कोणीच दिलं नाही. निम्म्या लोकांनी चार इंच फार कमी होतात म्हणून सांगितलं आणि उरलेल्या निम्म्यांनी चार इंचांत घर बसेल म्हणून.

काकांना हे नाव कॉलनीनं दिलेलं. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाणारा मजकूर वाचायचा आणि त्यातल्या चुका लाल पेनानं टिपायच्या, हा धंदा. बत्तीस वर्षं हे केल्यावर माणसाला चुका फक्त कामाच्या वेळेत दिसतात असं राहत नाही. दुधाच्या पिशवीवर, दवाखान्याच्या पाटीवर, कुठेही वेलांटी चुकली की ती सांगितल्याशिवाय काकांना पाणी गोड लागत नसे. दाताच्या डॉक्टरानं एकदा त्यांना तोंड उघडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी भिंतीवरच्या सूचनेतली 'दातांचि निगा' दुरुस्त करायला लावली आणि मगच आ केला.

तर माती. काकांचं घर कॉलनीच्या टोकाला, खाली दोन खोल्या आणि वर एक मोठी. वरच्या खोलीत काकू शिवणकामाचा वर्ग घेत. बारा बायका, बारा मशिनं, दुपारी दोन ते चार. वर उघडा स्लॅब. उन्हाळ्यात तो सकाळपासून तापायचा आणि दुपारी सगळी धग खोलीत ओतायचा. एके दिवशी एका शिकाऊ बाईंना मशीनवरच भोवळ आली. पाय पायट्यावर चालूच राहिला आणि ब्लाउजची बाही थेट गळ्याला शिवली गेली.

त्या संध्याकाळी काकूंनी सांगून टाकलं, "मी वर्ग माझ्या भावाच्या इमारतीतल्या हॉलमध्ये हलवते. बसनं दोन तास लागतात, म्हणून उन्हाळाभर तिथेच राहीन. तुमच्या जेवणाचं तुम्ही बघा."

काकांना स्वयंपाकातला फक्त चहा येत होता. तोही दुसऱ्या कोणी आधण ठेवलं तर.

काकूंचा भाऊ पर्यावरणपूरक घरं बांधून द्यायचा. स्वतः नवव्या मजल्यावर, खिडक्या लावून, वातानुकूलित खोलीत बसून तो लोकांना मातीशी नातं जोडायला सांगत असे. तो नकाशाची भलीमोठी गुंडाळी घेऊन आला.

"भाऊजी, घराला श्वास घेऊ द्या," तो म्हणाला. "स्लॅबवर पाणी न झिरपणारा थर, मुळं आत घुसू नयेत म्हणून एक कापड, त्यावर खडी, मग चार इंच हलकी माती, आणि तिच्यात काटक गवत. आंघोळीचं पाणी वर चढवायचं आणि खडीतून गाळून गवताला द्यायचं. खोली सात-आठ अंशांनी गार झाली नाही तर नाव बदलीन."

"नावाचं नंतर बघू. आधी हे बदल," काका म्हणाले आणि त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "शाश्वत. शास्वत नव्हे."

काम ठरलं. मातीचा ट्रक आला तो काका छापखान्यात असताना. ड्रायव्हरला सांगितलं होतं शेवटचं घर. पण शेवट कोणत्या टोकाकडून मोजायचा यावर त्याचं स्वतःचं मत होतं. शेवटी त्यानं जिथे ट्रक वळवणं सोपं गेलं, तिथे सगळी माती ओतली. ती जागा म्हणजे शेजारच्या निवृत्त ओव्हरसियरांचं फाटक.

ओव्हरसियरांनी आयुष्यभरात एक पूल आणि दोन मोऱ्या बांधल्या होत्या, आणि पूल अजून उभा आहे, हे ते कोणी न विचारता सांगत. त्या दुपारी त्यांना दाढ काढायला जायचं होतं. ते गेले नाहीत. जाणार कुठून? पुढे दोन महिने त्यांनी काकांना प्रत्येक सल्ला गालावर हात ठेवून दिला.

"शुद्धलेखन, ऐका माझं. स्लॅब म्हणजे तुमचं व्याकरण नव्हे. एकदा मोडला की नियम दाखवून जोडता येत नाही."

"आमच्या मेहुण्यानं सगळं वजन काढलंय."

"कोरड्या मातीचं काढलंय. भिजल्यावर?"

"भिजल्यावरचंही काढलंय."

"वर गेलेल्या माणसांचं?"

"मी एकटाच जाणार आहे वर!"

"तेच म्हणतोय मी," ओव्हरसियर गाल चोळत म्हणाले.

स्लॅब टिकला. फसलं ते आंघोळीचं पाणी. मेहुण्यानं बजावलं होतं की सौम्य साबणच वापरायचा. काकांनी नेमक्या पहिल्याच रविवारी दोन घोंगड्या साध्या धुण्याच्या पावडरीत बुचकळल्या. पंपानं ते पाणी इमानेइतबारे वर नेलं, खडीनं ते घुसळलं, आणि पन्हळीतून जो फेस खाली उतरला तो तासभर थांबेना. ओव्हरसियरांचे सगळे गुलाब त्यात बुडाले. ते दारात उभे राहून नुसते बघत होते. एरवी कधी गप्प न बसणारा माणूस गप्प बसला, की जरा जास्तच अपमान होतो. काकांनी बादलीनं फेस भरून परत आणला. फेस बादलीत भरता येत नाही, हे ओव्हरसियरांनी पहिल्या बादलीला सांगितलं नाही. आठव्या बादलीला सांगितलं.

मग गवत उगवलं, आणि गवतामागून टिटवी आली. तिनं थेट खडीत चार अंडी घातली आणि काकांना त्यांच्याच छपरावर मज्जाव केला. ते जिन्यावरून डोकं काढायचे, की ती किंचाळत टकलाच्या रोखानं यायची. काका छत्री उघडून वर जाऊ लागले.

"स्वतःच्या घरात मला छत्री घेऊन फिरावं लागतंय!"

"तिची अंडी आहेत वर," काकू म्हणाल्या. "जिन्यातून हाक मारून जात जा."

एवढं सगळं होऊनही एक गोष्ट मात्र झाली होती. खोली गार झाली होती. बाहेर एकेचाळीस असताना आत तेहतीस. काकांनी तापमापक खिडकीला टांगला आणि दारामागच्या कागदावर रोजचे आकडे लिहायला सुरुवात केली. बायका दोनऐवजी साडेबारालाच येऊन बसू लागल्या. काकूंनी भावाकडे जायचं नाव काढलं नाही.

इथे थांबायचं की नाही? पण कौतुक ही खाज असते, आणि घरच्यांच्या नखांनी ती भागत नाही. नगरपालिका पर्यावरणपूरक घरांना प्रमाणपत्र देते, असं काकांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी आठ पानी अर्ज लिहिला. एक चूक नाही. असा अर्ज त्या कार्यालयात पूर्वी कधी आला नसणार, याबद्दल काकांना आजही शंका नाही.

तपासणीला उपअभियंता आले. गंभीर चेहऱ्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. हातात टेप आणि फाइल. काका छत्री शोधायला खाली गेले तेवढ्यात ते एकटेच वर गेले. काका जिन्यात पोचेपर्यंत साहेब डोक्यावर फाइल धरून उकिडवे बसले होते आणि टिटवी त्यांच्यावरून फेऱ्या मारत होती. खाली आल्यावर त्यांनी केस नीट केले आणि एकच प्रश्न विचारला.

"माती तात्पुरती आहे की कायमची?"

काकांनी छाती पुढे काढली. "कायमची! मी मेल्यावरही राहील."

हे वाक्य अहवालात जसंच्या तसं गेलं.

दहा दिवसांनी पाकीट आलं. काकूंनी बायकांना मशिनं थांबवायला सांगितली. काकांनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. आत प्रमाणपत्र नव्हतं, नोटीस होती. नियम सत्तेचाळीसप्रमाणे ज्या मजल्याच्या वरती माती असेल, तो मजला तळघर समजावा. आपल्या घराच्या वरती कायमस्वरूपी माती आढळली असून सबब आपले संपूर्ण घर तळघर आहे. तळघरात राहण्यास अथवा वर्ग चालवण्यास मनाई आहे. पंधरा दिवसांत वापर बंद करावा किंवा माती काढावी.

म्हणजे वरचा मजला तळघर. आणि खालच्या दोन खोल्या तळघराच्याही खाली. त्यांना तर काही नावच नव्हतं.

"आता हो?" काकूंनी विचारलं. वर्गाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. वर्गातल्या एकीनं तिच्या भरवशावर कपड्यांच्या कारखान्यातली जागा धरून ठेवली होती.

पण काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते. "सतरा चुका! एका पानात! 'तळघर' तीन वेळा लिहिलंय आणि तीन तऱ्हांनी! या वाक्याला तर कर्ताच नाही!"

काकू नको नको म्हणत असताना त्यांनी नोटीस लाल पेनानं तपासली आणि समासात लिहिलं, 'सुधारून पुन्हा सादर करावे.' आणि रजिस्टर टपालानं कार्यालयाला परत पाठवली.

दुसरी नोटीस तीन दिवसांत आली. ती शुद्ध होती. सरकारी कागदात खाडाखोड केल्याचं तीत नमूद होतं आणि पंधराचे सात दिवस झाले होते.

काका कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक तीनमागे एक बाई पोळ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या फायलींमधून अर्ध्या दिसत होत्या.

"बाई, मी तळघरात राहतो असं तुम्ही लिहिलंय."

"राहता ना? तेच तर बेकायदा आहे."

"अहो, माझ्या तळघराला बाल्कनी आहे! बाल्कनीतून समोरच्या झाडाचा शेंडा दिसतो!"

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "तळघराला बाल्कनी?" त्यांनी फाइल ओढली आणि एक ओळ लिहिली. "ती मंजूर नसते, काका. तिची वेगळी नोटीस निघेल."

"तुम्हाला कळतंय का, त्या खोलीत जायला जिना चढावा लागतो! वर!"

"तळघरात जायला वर चढता?" बाईंनी आणखी एक ओळ लिहिली. "हे साहेबांना विचारावं लागेल."

रांगेतला मागचा माणूस काकांच्या कानाशी वाकला. "खिडक्यांचं काही बोलू नका हं."

काका घामाघूम होऊन घरी आले. काकू दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणाले?"

"शुक्रवारी सुनावणी आहे," काका म्हणाले, आणि मग हळूच, "बाल्कनीही गेली."

त्या दिवसापासून कॉलनीत सल्ल्यांना पूर आला. मेहुण्यानं फोनवर आंदोलनाची तयारी दाखवली, फक्त ऊन उतरल्यावर. ओव्हरसियर गालावर हात ठेवून आले आणि म्हणाले, "माती स्लॅबला टेकलेली नाही ना? मध्ये कापड आहे. म्हणजे ती जमीन होत नाही. ती कुंडी. तुमचं घर म्हणजे कुंडीचा स्टँड." काकांना आयुष्यात इतकं अपमानास्पद काही कोणी म्हटलं नव्हतं. आणि युक्तिवाद बरा होता, याचा राग वेगळाच.

काकूंनी मात्र सल्ला दिला नाही. त्या मशिनं पुसून त्यांच्यावर जुन्या चादरी घालत होत्या. पाच झाकून झाली होती. ते पाहिल्यावर काका पुन्हा कार्यालयात गेले आणि त्यांनी नियमांचं पुस्तक मागितलं. ते आजवर कोणी मागितलं नव्हतं. बाईंना ते शोधून सापडेना. अखेर ते टेबलाच्या आखूड पायाखाली सापडलं.

दोनशे बारा पानं. काकांनी ती दोन दिवस छापखान्यात, जेवणाच्या सुट्टीत आणि सुट्टी नसताना वाचली. आणि गुरुवारी दुपारी त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की शाईची बाटली उडाली. नियम अठ्ठेचाळीस म्हणत होता, 'वरील नियमात सांगितल्याप्रमाणे मातीने वेढलेल्या भिंती...' वेढलेल्या! माती वरती असेल तर भिंती वेढल्या कशा जातील? सत्तेचाळीसमध्ये 'वरती' हा शब्दच नसणार. 'भोवती' असणार! ज्या मजल्याच्या भोवती माती असेल, तो तळघर. छापताना 'भोवती'चं 'वरती' झालं होतं आणि त्या एका शब्दानं काकांचं घर जमिनीखाली गेलं होतं.

कोण गाढव बसला होता हे वाचायला! काकांनी तिरीमिरीत शेवटचं पान उलटलं. मुद्रकाचं नाव तिथे छापलेलं असतं.

तिथे त्यांच्याच छापखान्याचं नाव होतं. साल एकोणीस वर्षांपूर्वीचं.

छापखान्यात त्या वेळी मुद्रितशोधक एकच होता.

काका मागच्या गोदामात गेले. जुने गठ्ठे तिथे दोरीनं बांधून ठेवलेले असत. तासाभरानं तो सापडला. हस्तलिखितात स्वच्छ अक्षरात 'भोवती' होतं. खालच्या प्रुफात 'वरती'. त्याच ओळीत लाल शाईनं एक दुरुस्ती केली होती. 'माती'तली ह्रस्व वेलांटी दीर्घ केली होती. आणि पानाच्या तळाशी, 'तपासले. छापण्यास हरकत नाही,' आणि सही. सहीला फाटे फोडायला जागा नव्हती. तिच्यातला एकेक काना काकांचा होता.

त्या दिवशी डबा तसाच घरी आला. काकूंनी विचारलं, तर काका म्हणाले, "पोट ठीक नाही."

शुक्रवारी सुनावणीला काकू आल्या, ओव्हरसियर आले, आणि वर्गातल्या बाराही जणी भिंतीला टेकून रांगेनं उभ्या राहिल्या. काकांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. ती उघडायची नाही, असं त्यांनी येताना बसमध्ये ठरवलं होतं. नियम अठ्ठेचाळीसवर भागतंय का बघायचं.

उपअभियंत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मुद्दा चांगला आहे. पण तो तुमचा अंदाज झाला. छापील नियमात 'वरती' आहे. मूळ मसुद्यात 'भोवती' होतं याला काही पुरावा?"

खिडकीतल्या बाईंनी लिहायला पेन उचललं.

"नसेल तर माझा नाइलाज आहे. वर्ग आजपासून..."

"आहे," काका म्हणाले. त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

साहेबांनी हस्तलिखित पाहिलं. मग प्रूफ पाहिलं. "बरोबर आहे तुमचं. मग एकोणीस वर्षं आम्ही चुकीचा नियम वापरतोय. ही चूक कोणाची?"

काका उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती.

"माझी," ते म्हणाले. "खाली सही आहे. मी वेलांटी सुधारली आणि शब्द तसाच जाऊ दिला."

भिंतीजवळ कोणीतरी खोकलं. ओव्हरसियरांनी गालावरचा हात काढला. उपअभियंत्यांनी फायलीतून पहिली नोटीस काढली, लाल रेघांनी भरलेली, आणि ती प्रुफाशेजारी ठेवली.

"सतरा चुका काढल्या होत्यात तुम्ही माझ्या."

"अठरा," काका म्हणाले. "एक नंतर सापडली."

"हा कागद मी घरी नेला होता. मुलीनं वाचला. ती शाळेत शिकवते." त्यांनी कागदाची घडी सरळ केली. "आठवडाभर माझी चेष्टा चाललीय जेवताना."

काकांना यावर पुष्कळ बोलता आलं असतं. सरकारी माणसानं भाषा नीट लिहावी ही अपेक्षा काही गैर नव्हती. पण त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "परत पाठवायला नको होता."

साहेबांनी मान हलवली. नियमाचं शुद्धिपत्र निघेपर्यंत नोटीस स्थगित, वर्ग चालू, बाल्कनीवरच्या शेऱ्याला आता काही अर्थ नाही. "आणि प्रमाणपत्रासाठी पुन्हा तपासणी करावी लागेल," ते म्हणाले. "पिल्लं उडून गेल्यावर. त्याआधी मी वर येणार नाही."

परतताना ओव्हरसियर पुढच्या सीटवर बसले आणि मागे न बघता म्हणाले, "शुद्धलेखन, पुढच्या वर्षी आमच्या गच्चीवर किती माती लागेल, ते मेहुण्याला विचारून ठेवा." काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"लग्न ठरल्यावर मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "आठवतं?"

"हो. छान होतं."

"तुम्ही ते तपासून परत पाठवलंत."

काकांना आठवलं. चार पानांचं होतं. त्यांनी तेव्हा मदतच केली होती, अशी त्यांची आजवर समजूत होती.

"त्यानंतर मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही," काकू म्हणाल्या. "वाण्याची यादीसुद्धा तोंडी सांगते. लक्षात आलं होतं?"

"तुमची स्मरणशक्ती चांगली आहे, असं मला वाटायचं."

काकू हसल्या. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, पण खांदे हलेपर्यंत. पुढच्या सीटवरून ओव्हरसियर वळून बघू लागले, तेव्हा काका संतापून म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे?" आणि त्या अजूनच हसल्या.

सोमवारी छापखान्यात काकांनी डबा उघडला. झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली होती, वहीचा चौकोनी तुकडा. तीत लिहिलं होतं, 'तुम्ही साहेबांसमोर खरं बोललात ते मला फार आवडल. खोली आज पण गार आहे. येतांना काळ्या दोऱ्याची दोन रीळं आणी बटणं आणा.'

चार चुका होत्या. 'आणी' तर अक्षम्य होती. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली, आणि समोर येऊन बसलेल्या मशीनवाल्याला म्हणाले, "काय बघतोस? जेव मुकाट्यानं."